भाकरीशिवायचे ताट

ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ७० ग्रॅम कर्बोदके असतात. मराठवाड्यातल्या घरात एका मध्यम भाकरीला साठ-पासष्ट ग्रॅम पीठ सहज लागते, म्हणजे एका भाकरीतून चाळीस-पंचेचाळीस ग्रॅम कर्बोदके पोटात जातात. अपस्मारावर, म्हणजे फिट येण्याच्या आजारावर, उपचार म्हणून किटोजेनिक आहार (कर्बोदके जवळजवळ काढून स्निग्ध पदार्थांवर चालणारा) सुरू केलेल्या पाच-सहा वर्षांच्या मुलाला दिवसभरात पुष्कळदा १० ते १५ ग्रॅम कर्बोदकेच चालतात. त्याच्या अख्ख्या दिवसाचा वाटा भाकरीच्या एका चतकोरात संपतो, आणि त्यानंतर भात, वरण, दूध, केळे, चहातली साखर, प्रसादाचा पेढा यांपैकी कशालाही जागा उरत नाही. परभणीला मी अनेक वर्षे गृहविज्ञान शिकवले आणि अन्नघटकांचे तक्ते मुलींकडून पाठ करून घेतले. ते तक्ते आता माझ्या भाचीच्या स्वयंपाकघरात, औसा तालुक्यातल्या एका गावी, भिंतीला चिकटवलेले आहेत, आणि तिच्या मुलाचे रोजचे जेवण त्यांच्या आधाराने ठरते.

हा लेख लिहिण्याचे कारण एवढेच, की ह्या उपचाराविषयी आपल्या भागात दोनच प्रकारची माणसे मला भेटतात. काहींनी त्याचे नावच ऐकलेले नसते. काहींनी ते वजन कमी करण्याच्या संदर्भात ऐकलेले असते, आणि 'तूप-लोणी खायचे, भाकरी सोडायची' एवढ्यावर त्यांचे ज्ञान थांबते. किटोजेनिक आहार वजनासाठी जन्माला आलेला नाही. शंभर वर्षांपूर्वी तो अपस्माराच्या रुग्णांसाठीच तयार झाला, आणि आजही त्याचा सर्वांत भक्कम पुरावा आहे तो औषधांना दाद न देणाऱ्या मुलांच्या अपस्मारातच.

भाचीच्या ह्या मुलाचा, म्हणजे माझ्या नातवाचा, आजार आमच्या सर्वांच्या ओळखीच्या फिटसारखा नव्हता. हातपाय ताठ होऊन झटके येणे, तोंडाला फेस येणे, हे पाहिल्यावर कोणालाही कळते. ह्या मुलाची मान एकाएकी पुढे पडायची, कधी अंगातली सगळी ताकद क्षणभर निघून जायची आणि तो उभ्या जागी कोसळायचा. क्षणात पुन्हा उठायचा. घरच्यांना आधी वाटले की पोरगे धडपडे आहे. कपाळावर, हनुवटीवर खोका पडू लागल्या, पाण्याच्या रांजणाच्या कडेवर एकदा दात लागला, तेव्हा मात्र धडपडीचे स्पष्टीकरण कोणालाच पटेना. मग व्हायचे ते सगळे झाले. देवऋषी झाला, गंडा बांधून झाला, फिट आली की कांदा नाही तर चप्पल हुंगवण्याचे सल्ले झाले. त्यांतल्या कोणत्याही गोष्टीने फिट थांबत नाही. फिट आलेल्या माणसाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काहीतरी द्यावे, तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नये, आणि पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर तातडीने दवाखान्यात न्यावे, एवढे प्रत्येक शाळेच्या भिंतीवर लिहून ठेवायला हवे असे मला मनापासून वाटते.

पुढे मेंदूचा आलेख निघाला, निदान झाले, औषधे सुरू झाली. सोडियम व्हॅल्प्रोएट, मग लेव्हेटिरासिटाम, मग क्लोबाझाम. अपस्माराच्या औषधांविषयी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण आहाराच्या कौतुकात ती झाकली जाते: बहुसंख्य रुग्णांना औषधे पुरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते योग्य निदान आणि योग्य औषधे मिळाली तर अपस्माराच्या ७० टक्क्यांपर्यंत रुग्णांच्या फिट थांबू शकतात. उरलेल्यांचा प्रश्न वेगळा आहे. नीट निवडलेली दोन औषधे पुरेशा मात्रेत देऊनही फिट थांबत नसतील, तर तो अपस्मार औषधांना दाद न देणारा मानावा, अशी व्याख्या आंतरराष्ट्रीय अपस्मारविरोधी संघटनेने २०१० मध्ये मांडली. तिसऱ्या, चौथ्या औषधाने फिट पूर्ण थांबण्याची शक्यता फार थोडी राहते. तेव्हा औषधामागे औषध वाढवत न बसता शस्त्रक्रियेचा आणि आहाराचा विचार करण्याची वेळ तीच असते. माझ्या भाचीला हा विचार ऐकायला मिळाला तो बराच उशिरा, एका मोठ्या शहरातल्या बालमेंदूविकारतज्ज्ञांकडून. त्याआधी जिथे जिथे ती गेली तिथे मात्रा वाढवून मिळाली आणि लेकरू दिवसभर झापड आल्यासारखे पडून राहू लागले.

तज्ज्ञांनी आहाराचे नाव काढले तेव्हा मी तिथे हजर होते. घरी आल्यावर भाचीची सासू पहिल्यांदा बोलली ती अशी: "तूप खाऊ घालून फिट जाती व्हय? मग आमी आजवर काय कमी तूप घातलं लेकराला?" तिचा प्रश्न मला रास्त वाटला, आणि त्याचे उत्तर नीट दिले गेले पाहिजे असेही वाटले, कारण ज्या बाईच्या हातात घरातले डबे आणि शिंकी आहेत तिला पटल्याशिवाय हा उपचार एक आठवडाही टिकत नाही.

उत्तर असे आहे. तुपाने फिट जात नाही. फिट कमी होते ती शरीराचे इंधन बदलल्यामुळे. एरवी आपला मेंदू चालतो तो ग्लुकोजवर, आणि ते येते भाकरी, भात, साखर, फळे यांतून. माणूस उपाशी राहिला की एक-दोन दिवसांत साठलेले ग्लुकोज संपते, यकृत चरबीपासून किटोन नावाचे पदार्थ बनवू लागते, आणि मेंदू ते इंधन म्हणून वापरतो. उपवासाने फिट थांबतात हे माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. हिपॉक्रेटिसच्या नावाने चालत आलेल्या ग्रीक वैद्यकीय ग्रंथांतही त्याचा उल्लेख आहे. आधुनिक वैद्यकात पॅरिसमध्ये १९११ साली उपवासाचा प्रयोग अपस्माराच्या रुग्णांवर झाला. पण उपाशी किती दिवस ठेवणार? १९२१ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे डॉ. रसेल वाइल्डर यांनी सुचवले की पोट भरलेले ठेवूनही उपवासाची अवस्था आणता येईल. कर्बोदके जवळजवळ काढून टाकायची आणि उष्मांक स्निग्ध पदार्थांतून द्यायचे, म्हणजे यकृत किटोन बनवतच राहील. ह्या आहाराला किटोजेनिक हे नावही त्यांनीच दिले. मेयोमधल्याच डॉ. पीटरमन यांनी पुढच्या काही वर्षांत मुलांसाठी त्याचे प्रमाण बसवले: वजनाच्या प्रत्येक किलोमागे एक ग्रॅम प्रथिने, दिवसाला १० ते १५ ग्रॅम कर्बोदके, आणि बाकी सारे स्निग्ध.

म्हणजे सासूबाईंच्या प्रश्नाचा गाभा असा, की भाकरीबरोबर कितीही तूप घातले तरी शरीर आधी भाकरीच जाळते. भाकरी काढली तरच तुपाला काम मिळते. हे मी त्यांना समजावून सांगितले, आणि त्यांना ते माझ्या अपेक्षेपेक्षा लवकर समजले.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण आपल्याकडे ती हमखास निघते. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातल्या दहाव्या अध्यायात अपस्माराचा विचार आहे आणि तिथे पंचगव्य घृत, ब्राह्मी घृत अशी औषधी तुपे सांगितली आहेत. त्यावरून 'हा आहार आपल्याकडे आधीच होता' असे म्हणण्याचा मोह अनेकांना होतो. मला ते पटत नाही. त्या तुपांमध्ये वनस्पतींचे गुण देण्यासाठी तूप वापरले आहे; रोजच्या जेवणातली कर्बोदके मोजून दहा-पंधरा ग्रॅमवर आणण्याची योजना तिथे नाही. आयुर्वेदाचा आदर करण्यासाठी त्याच्या तोंडी नसलेले शब्द घालण्याची गरज नाही. आपले नेहमीचे उपासही ह्या कामाचे नाहीत. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, भगर आणि बटाटा त्याच वाटेचे. आषाढीचा उपास घडला तर ह्या मुलाचे किटोन दुपारपर्यंत उतरतील.

आहाराचे गणित मला आवडले, हे लपवत नाही. पारंपरिक किटोजेनिक आहारात ४:१ हे प्रमाण ठेवतात, म्हणजे चार ग्रॅम स्निग्धामागे प्रथिने आणि कर्बोदके मिळून एक ग्रॅम. चार ग्रॅम स्निग्धाचे ३६ उष्मांक, एका ग्रॅम प्रथिन-कर्बोदकाचे ४, एकूण ४०; त्यातले ९० टक्के स्निग्धातून. समजा सोळा-सतरा किलो वजनाच्या मुलाला दिवसाला १२०० उष्मांक हवेत. मग १२० ग्रॅम स्निग्ध आणि ३० ग्रॅम बाकीचे. त्या तीसमधून वाढीसाठी सोळा-सतरा ग्रॅम प्रथिने काढली की कर्बोदकांसाठी तेरा-चौदा ग्रॅम उरतात, आणि तेवढ्यात भाजी, शेंगदाणे, पनीर ह्या सगळ्यांमधली कर्बोदके बसवायची. प्रत्येक जेवणात चाळीस ग्रॅम स्निग्ध. हे कागदावर सुबक दिसते. पण त्या वयाच्या मुलाच्या ताटात ते रोज तीन वेळा उतरवणे हे काम किती मोठे आहे, ते मी माझ्या भाचीकडे पाहून शिकले.

सुरुवात दवाखान्यात भरती होऊन झाली. पूर्वी एक-दोन दिवस उपाशी ठेवून सुरुवात करीत, आता ते आवश्यक मानत नाहीत, प्रमाण हळूहळू चढवतात. त्याआधी रक्त, लघवी, यकृत, मूत्रपिंड, चरबी यांच्या तपासण्या झाल्या, आणि काही दुर्मिळ चयापचयाचे आजार नाहीत ना हे पाहिले गेले. ही पायरी वगळणे जीवघेणे ठरू शकते. ज्या मुलांच्या शरीराला जन्मतःच चरबी जाळता येत नाही, किंवा ज्यांना पायरुव्हेट कार्बोक्सिलेजची कमतरता अथवा पॉर्फिरिया आहे, त्यांना हा आहार देता येत नाही. म्हणून मोबाइलवरचा व्हिडिओ पाहून कोणीही लेकराची भाकरी बंद करू नये, आणि चालू औषधे तर मुळीच थांबवू नयेत. उलट एक विकार असा आहे, जिथे हा आहारच मुख्य उपचार ठरतो. ग्लुट-१ ह्या वाहक प्रथिनाच्या कमतरतेत रक्तातले ग्लुकोज मेंदूत पुरेसे पोचतच नाही. किटोन मात्र दुसऱ्या वाटेने पोचतात. अशा मुलाला औषधे बदलत बसण्यापेक्षा हा आहार जितका लवकर मिळेल तितके चांगले.

आहारतज्ज्ञ बाईंनी भरतीच्या काळात भाचीला वजनकाटा वापरायला शिकवला. एका ग्रॅमपर्यंत अचूक, बॅटरीवर चालणारा, साधा काटा. घरी आल्यावर पहिला प्रश्न उभा राहिला तो भाकरीच्या जागी काय, हा. आमच्याकडे भाजी ही भाकरीला लावून खायची वस्तू आहे. नुसती भाजी पुढे ठेवली तर मूल भाकरीची वाट पाहत बसते. शेवटी घरच्याच वस्तूंतून मार्ग निघाला. लातूर-औशाकडच्या शेतांत सोयाबीन आहे, पण ते अडतीवर जाते, ताटात येत नाही. भाजून दळलेल्या सोयाबीनच्या पिठात ज्वारीच्या मानाने कर्बोदके खूपच कमी आणि प्रथिने भरपूर. त्यात जवस, तीळ आणि सुक्या खोबऱ्याचा कीस दळून घातला की लहानसे, जाडसर धपाटे थापता येते. ते तव्यावर मोडते, ते भाकरीसारखे फुगत नाही, आणि पहिल्या दिवशी त्या मुलाने ते ताटाबाहेर ढकलून दिले. आठवड्याभरात तो ते खाऊ लागला.

स्निग्धासाठी दारची म्हैस कामाला आली. इथेही एक बारकावा होता: म्हशीचे दूध कितीही दाट असले तरी त्याच्या १०० मिलिलीटरमध्ये सुमारे ५ ग्रॅम दुग्धशर्करा असते, त्यामुळे पेलाभर दूध म्हणजे दिवसाचा बराचसा वाटा खलास. साय, लोणी, तूप मात्र चालते. मेथी, पालक, आंबट चुका यांची पातळ भाजी, तिच्यात डाळ न घालता शेंगदाण्याचा थोडा कूट आणि वर करडईचे तेल. करडई हे मराठवाड्याचे पीक, परभणीच्या कृषी विद्यापीठाने तिचे वाण काढलेले. त्या तेलाची चव मुलाच्या ओळखीची होती, म्हणून ते त्याच्या घशाखाली लवकर उतरले. अंडी हा मोठा आधार ठरला असता, पण घर माळकरी. सासूबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ. ह्यावर घरात दोन दिवस कोणी कोणाशी धड बोलले नाही. मग सासूबाईंनीच निर्णय दिला, की मागच्या पडवीत वेगळ्या तव्यावर लेकराच्या बापाने अंडे करावे आणि तो तवा घरात आणू नये. मला त्या निर्णयाचे फार मोल वाटते. श्रद्धा न सोडता औषधाला वाट करून देणे हे अनेक शिकलेल्या माणसांना जमत नाही.

साखर कुठे कुठे लपलेली असते, हे ह्या वर्षात आम्हाला कळले. फिटची औषधे लहान मुलांना गोड सिरपच्या रूपात देतात. आहार चालू असताना तीच औषधे गोळीच्या रूपात घ्यावी लागतात. खोकल्याचे औषध, जीवनसत्त्वांच्या गोड वड्या, चघळायच्या गोळ्या, जुलाबात देतात ते साखर-मिठाचे पाणी, सगळे तपासून घ्यावे लागते. सर्वांत मोठी धास्ती होती सलाइनची. आपल्या खेड्यांत ताप आला, अशक्तपणा आला की सलाइन लावण्याची इतकी सवय आहे की न लावणारा डॉक्टर लोकांना कच्चा वाटतो, आणि ती बाटली बहुधा ग्लुकोजची असते. रक्तातली साखर खरोखरच घसरली असेल तर ग्लुकोज द्यावेच लागते. एरवी साधे मिठाचे सलाइन चालते. ग्लुकोजची एक बाटली महिनोन्‌महिने राखलेले किटोन काही तासांत उतरवते आणि त्याबरोबर फिट परत येऊ शकतात. भाचीने तज्ज्ञांकडून एक चिठ्ठी लिहून घेतली आहे, तिच्यावर प्लास्टिक चढवून ती पोराच्या दप्तरात आणि स्वतःच्या पर्समध्ये अशी दोन ठिकाणी ठेवली आहे.

शाळेत दुपारी खिचडी शिजते. अंगणवाडीपासून पंगतीत बसलेल्या मुलाला वेगळा डबा घेऊन बसायला सांगणे सोपे नव्हते. त्याच्या बाईंनी वर्गाला एवढेच सांगितले की ह्याचे जेवण हे ह्याचे औषध आहे, आणि मुलांनी ते मोठ्या माणसांपेक्षा लवकर मान्य केले. मोठी माणसेच अवघड. पाहुणे येतात, लेकराच्या हातावर बिस्कीट ठेवतात, 'एवढ्याने काय होतंय' म्हणतात. एवढ्याने होते. एका गोड बिस्किटात चार-पाच ग्रॅम कर्बोदके असू शकतात, म्हणजे त्याच्या दिवसाचा एक तृतीयांश वाटा.

आमच्या भागात मार्गशीर्षातली वेळ अमावस्या, म्हणजे येळवस, ही वर्षातली सर्वांत मोठी पंगत. शेतात कडब्याची कोप करून पांडवांची पूजा होते, आणि मग भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, ज्वारीच्या पिठाची आणि ताकाची आंबील. ओळखीची, अनोळखी, सगळी माणसे बांधावर बसून जेवतात. त्या ताटातला एकही पदार्थ ह्या मुलाला चालणारा नव्हता. भाची म्हणाली, "आत्या, येळवशीला लेकराला घरी ठेवून मी रानात कशी जाऊ?" ती त्याला घेऊन गेली. भज्जीतली हिरवी चिंच, वाटाणे, तुरीचे दाणे काढून उरणारा पालेभाज्यांचा भाग तिने वेगळा शिजवला, त्यात पनीर आणि लोणी घातले, आणि आंबिलीच्या जागी साय घुसळून, पाणी घालून, जिरे-मीठ लावलेले पांढरे पातळ पेय मातीच्याच मोग्यात दिले. काटा रानात नेला होता. कोपीसमोर बसून ती बाई तोलत होती आणि आजूबाजूची माणसे पाहत होती, आणि तिला त्याचे काही वाटत नव्हते.

आता पुराव्याविषयी, कारण आमच्या घरातला अनुभव हा पुरावा नव्हे. १९३८ साली फेनिटॉइनचा अपस्मारावरचा गुण कळला, गोळी देणे सोपे झाले, आणि हा आहार बाजूला पडला. तो पुन्हा लोकांसमोर आला तो १९९४ च्या सुमारास, चार्ली अब्राहम्स ह्या लहान मुलामुळे. त्याचे वडील हॉलिवूडचे दिग्दर्शक. कोणत्याही औषधाने न थांबलेल्या त्याच्या फिट जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ह्या आहाराने थांबल्या, आणि त्या कुटुंबाने त्याच्या प्रसारासाठी संस्था काढली. पण एका मुलाच्या कहाणीने वैद्यक बदलू नये, आणि ते बदललेही नाही. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयातल्या संशोधकांनी १४५ मुलांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी करून चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. तीन महिन्यांनी आहारावरच्या ७३ मुलांपैकी २८ जणांच्या फिट निम्म्याहून जास्त कमी झाल्या होत्या; आहार न दिलेल्या ७२ पैकी फक्त चौघांच्या. दिल्लीच्या एम्समध्ये १०२ मुलांवर, सुधारित ॲटकिन्स आहार ह्या किटोजेनिकच्याच थोड्या सैल प्रकाराची तशीच चाचणी झाली आणि २०१३ साली तिचे निष्कर्ष आले. त्यात आहार घेणाऱ्यांपैकी ५२ टक्के मुलांच्या फिट निम्म्याहून अधिक उतरल्या, न घेणाऱ्यांपैकी ११.५ टक्क्यांच्या.

ह्या आकड्यांची दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे वाचावी. लंडनच्या चाचणीत आहार घेऊनही निम्म्याहून अधिक मुलांना तेवढा फायदा झाला नाही. म्हणूनच तीन महिने नेटाने करून पाहावे आणि गुण नसेल तर सोडावे, असे सांगतात. सोडणाऱ्या आईला अपराधी वाटू देऊ नये. गुण आला तर साधारण दोन वर्षे चालवून हळूहळू उतरवतात. तो नेमका का काम करतो ह्याचे एकच एक उत्तर अजून नाही: किटोनचा चेतापेशींच्या उत्तेजनेवर होणारा परिणाम, पेशींच्या ऊर्जाव्यवस्थेतला बदल, काही मेदाम्लांचा थेट परिणाम, आतड्यातल्या जिवाणूंचा सहभाग, अशा अनेक वाटा तपासल्या जात आहेत.

दुष्परिणाम आहेत आणि ते औषधाच्या दुष्परिणामांइतकेच गंभीरपणे घ्यावे लागतात. बद्धकोष्ठ तर जवळजवळ ठरलेलेच. सुरुवातीला उलट्या, मरगळ, साखर घसरणे. पुढे रक्तातली चरबी वाढणे, उंची मंदावणे, हाडे कमकुवत होणे. म्हणून कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि साखर नसलेली इतर जीवनसत्त्वे रोज द्यावी लागतात. शंभरांत तीन ते सात मुलांना मुतखडे होतात. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये टँकरच्या फेऱ्या मोजून पाणी वापरतात, तिथे ह्या मुलाला दिवसभर थोडे थोडे पाणी पाजत राहणे हे औषधाइतकेच महत्त्वाचे आहे. भाची त्याच्यासाठी वेगळा माठ भरून ठेवते आणि संध्याकाळी किती उरले ते पाहते. लघवीतले किटोन दाखवणारी पट्टी सकाळी जांभळी झाली की नाही, हे पाहण्याचे काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतले आहे. त्यांना वाचता येत नाही, रंग कळतो.

ह्याच संदर्भात मला एका कामाविषयी फार आदर वाटतो. दिल्लीच्या डॉ. सुवासिनी शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कमी शिकलेल्या पालकांसाठी हा आहार सोपा करून दिला. काटा आणि तक्ते यांऐवजी घरातल्या वाट्या-चमच्यांची मापे, चित्रे, साधे पर्याय. त्याचीही रीतसर चाचणी झाली आणि गुण दिसला. मुंबईत डॉ. जनक नाथन यांनी नव्वदीच्या दशकापासून भारतीय जेवणात हा आहार बसवून दाखवला. म्हणजे ज्ञान आहे, आपल्याच देशातले आहे, आपल्याच अन्नाचे आहे. मराठवाड्यात तालुक्याच्या गावी राहणाऱ्या आईपर्यंत ते पोचण्याची व्यवस्था मात्र नाही. जिल्ह्याच्या प्रत्येक रुग्णालयात एका आहारतज्ज्ञाला ह्या आहाराचे शिक्षण द्यावे, तिला ज्वारी-करडई-सोयाबीनच्या घरातले ताट बसवता यावे, आणि आईला शंका आली तर तिचा फोन उचलण्याचा वेळ तिच्या कामात धरलेला असावा. मोठ्या शहरातल्या तज्ज्ञांपर्यंत दर तीन महिन्यांनी जाण्यासाठी माझ्या भाचीला एक दिवसाचा रोज, एसटीचे भाडे आणि रात्रीचा मुक्काम लागतो. सोयाबीनची काढणी चालू असली तर हा खर्च पैशांहून मोठा असतो. किटोनच्या पट्ट्या, पनीर, जीवनसत्त्वे हे वेगळेच. औषधाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात आणि ह्या आहाराचा सगळा भार मात्र एका घरावर, त्यातही एका बाईवर पडतो, ही गोष्ट मला सहन होत नाही. काटा तिच्या हातात, हिशेब तिच्या डोक्यात, पाहुण्यांचे टोमणे तिच्या कानात. आमच्याकडे निदान पडवीत अंडे करणारा बाप आणि पट्टी पाहणारी आजी आहे.

फिट गेल्या का, असे सगळे विचारतात. गेल्या नाहीत. कॅलेंडरवर भाची बारीक फुल्या करते. आहाराआधीच्या महिन्यांत तारखांचे चौकोन फुल्यांनी भरून जात, आता काही आठवडे कोरे जातात आणि मग एखाद्या दिवशी, बहुधा ताप किंवा जागरण झाल्यावर, दोन-तीन फुल्या येतात. क्लोबाझामची मात्रा उतरली आहे आणि त्यामुळे मुलाच्या डोळ्यांवरची झापड गेली आहे. तो आता पाढे म्हणतो आणि भांडतो. पडून लागण्याच्या जखमा थांबल्या. उंची अपेक्षेपेक्षा थोडी मागे आहे, तिच्यावर लक्ष ठेवले जात आहे.

दोन वर्षे भरत आली आहेत. पुढच्या भेटीत तज्ज्ञ ४:१ चे प्रमाण ३:१ वर आणण्याचा विचार करणार आहेत, आणि ते निभावले तर काही महिन्यांनी २:१ वर. एकदम थांबवायचे नसते, प्रत्येक पायरीवर फुल्या मोजायच्या असतात. भाचीने त्यांना विचारून घेतले आहे की हा बदल दिवाळीनंतर केला तर चालेल का, कारण घरात करंज्या-लाडवांचे डबे भरलेले असताना कोणाच्या हातून काही दिले गेले आणि फिट आली, तर ती प्रमाण बदलल्यामुळे आली की लाडवामुळे, हे कळणार नाही. तज्ज्ञांनी तिचे म्हणणे मान्य केले. कार्तिकी एकादशी झाली की ती नवा तक्ता आणायला जाणार आहे, आणि ह्या वेळी तिच्याबरोबर शेजारच्या गावातली एक आई येणार आहे, जिच्या मुलीची दोन औषधे झाली आहेत आणि तिसरे नुकतेच सुरू झाले आहे.